अपुऱ्या खेळावर अभिप्राय

मराठी माणूस अभिप्राय देतो तेव्हा बहुधा दोनच सुरांत देतो. चित्रप्रदर्शनाच्या, ग्रंथालयाच्या वा एखाद्या संस्थेच्या दाराशी ठेवलेली अभिप्राय वही उघडून पाहावी. ‘स्तुत्य उपक्रम’, ‘अतिशय सुंदर’, ‘पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’ अशा वाक्यांनी पानेच्या पाने भरलेली असतात. खाली सही, गाव आणि तारीख. हाच माणूस परतीच्या लोकलमध्ये बसला की दुसरा सूर लावतो, आणि त्या सुरातून मग चित्रकाराची रेषा, संस्थेचे हिशेब आणि तिथल्या चहाची चव यांपैकी काहीही सुटत नाही. पहिला सूर निर्मात्याच्या कानी पडतो, दुसरा कधीच पडत नाही. त्याला उपयोग मात्र दोहोंचाही नसतो.

आपण साहित्याचे शिक्षक वा विद्यार्थी असल्यामुळे आपल्याला यापलीकडचा तिसरा सूर येतो, अशी आपली समजूत असते. त्याला आपण समीक्षा म्हणतो. परंतु आपली समीक्षा ही पूर्ण झालेल्या कृतीची असते. पुस्तक छापून आलेले असते, त्यातले एक अक्षरही लेखकाला आता हलवता येणार नसते. पुष्कळदा लेखक हयातही नसतो. आपण कृतीचे मूल्यमापन करतो, परंपरेत तिचे स्थान ठरवतो, आणि आपले म्हणणे लेखकाच्या हाताला काही उपयोगी पडावे अशी अपेक्षाही धरत नाही. मात्र कृती अर्धवट अवस्थेत आहे, ती घडवणारा समोर बसला आहे आणि ‘सांगा, काय झालं?’ असे विचारतो आहे, अशा वेळी या साऱ्या शिक्षणाचे नेमके काय करावे, हा प्रश्न गेले वर्षभर माझ्यापुढे आहे. निमित्त एका व्हिडिओ गेमचे आहे.

हा खेळ तयार करणारा तरुण अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत असताना माझ्या मराठीच्या तासाला बसत असे. पुढे अभियांत्रिकी आणि पुण्यातल्या एका कंपनीत सहा वर्षे नोकरी झाली. ती सोडून तो खालापूर तालुक्यातल्या आपल्या गावी परतला आणि जुन्या घराच्या माळ्यावर टेबल टाकून दोन वर्षे एकट्याने एक छोटा खेळ घडवीत बसला आहे. चित्रे त्याची, संगणकाची आज्ञावली त्याची, संवादही त्याचेच. आवाजाचे काम तेवढे एक मित्र करतो. वडील खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. मुलगा दिवसभर वर बसून काय करतो हे त्यांना शेजाऱ्यांना सांगता येत नाही, आणि ते विचारीतही नाहीत. साठवलेले पैसे आणखी सात-आठ महिने पुरतील, असे त्याने मला पहिल्याच भेटीत सांगितले. दयेसाठी नव्हे, माझ्या उत्तराला किती दिवसांची मुदत आहे हे मला कळावे म्हणून.

खेळ बोरघाटात घडतो. कर्जत सोडून पुण्याकडे निघालेली गाडी पळसदरीच्या पुढे घाट चढू लागते. हा मार्ग १८६३ साली सुरू झाला. चढ काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट इतका आहे, त्यामुळे कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडून ती ढकलत वर नेण्याची पद्धत पडली. कर्जत स्थानकावरचा तो थांबा आणि त्या थांब्यातला वडा अनेकांच्या आठवणीत असेल. उतरणाऱ्या गाडीची काळजी वेगळी असते. ब्रेक निकामी झाले तर गाडी घाटात कोठेही जाऊ शकते. यासाठी उतरणीवर कॅच सायडिंग असतात. मुख्य मार्गातून फुटून डोंगराच्या अंगाने चढत जाणारा आणि मध्येच संपणारा रुळांचा हा फाटा असतो. सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबते, ती ताब्यात आहे हे दिसते, आणि मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळवला जातो. ताबा सुटलेली गाडी आपोआप फाट्यावर चढावी आणि तिथेच थांबावी, अशी ही योजना.

या तरुणाच्या खेळात खेळाडू हा काही दशकांपूर्वीचा असा एक सांधेवाला आहे. पावसाळ्यातल्या पाच रात्री, घाटातली एक केबिन, लीव्हरांची रांग, कंदील, घंटा, आणि अधूनमधून ओला होऊन येणारा एक गँगमन. गाडी थांबली आहे का, की थांबल्यासारखी वाटते आहे? धुक्यात दिवा एक आहे की दोन? एवढ्या तुटपुंज्या माहितीवर लीव्हर ओढायचा किंवा ओढायचा नाही. पूर्ण खेळ दीड-पावणेदोन तासांचा. तो माझ्या संगणकावर चढवून देताना निर्माता म्हणाला, “मॅडम, छान आहे असं म्हणू नका. वाईट आहे असंही म्हणू नका. मला त्या दोन्हींचं काही करता येत नाही.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. निवाडा त्याला नको होता. त्याला साक्ष हवी होती. न्यायालयात साक्षीदाराला आरोपी दोषी आहे का असे कोणी विचारीत नाही. तुम्ही कोठे उभे होता, काय पाहिले, किती वाजता पाहिले, एवढेच विचारतात. साक्षीदार आपली मते सांगू लागला तर त्याला थांबवले जाते. खेळाडूचे काम असेच आहे. आपण कोठे अडलो, कोठे घड्याळाकडे पाहिले, कोणत्या क्षणी हात आपोआप पुढे गेला आणि कोणत्या क्षणी मागे आला, याची नोंद फक्त तोच देऊ शकतो. निर्मात्याला ती स्वतःकडून मिळू शकत नाही, कारण त्याला दाराआड काय आहे ते ठाऊक असते. ‘अभिप्राय’ या शब्दाच्या संस्कृत घडणीत ‘जवळ जाणे’ हा अर्थ आहे; त्यावरून हेतू, आशय हे अर्थ आले, आणि मराठीत येता येता तो ‘मत’ या अर्थावर स्थिरावला. या कामापुरते त्याला मूळ अर्थाकडे थोडे परत न्यावे असे मला वाटते.

अपुऱ्या कृतीला प्रतिसाद देण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे मात्र नाही. नाटकवाल्यांकडे ती आहे. रंगीत तालमीला चार जाणती माणसे बोलावण्याची रीत जुनी आहे, आणि नाटक उभे राहिल्यावरही त्याच्या प्रत्येक खेपेला आपण ‘प्रयोग’च म्हणतो, पहिल्या दहा प्रयोगांत प्रेक्षक कोठे खोकतात हे पाहून प्रवेश कापले जातात. साहित्यात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळातली ‘सत्यकथा’ आठवावी. कथा ‘साभार परत’ करणारी मासिके पुष्कळ होती. कथा कोठे अडते ते पत्राने कळवून तीच कथा पुन्हा लिहून मागवणारी थोडी. त्या पत्रव्यवहाराबद्दल अनेक लेखकांनी कृतज्ञता व्यक्त केली आहे. त्या मासिकाच्या अधिकाराला विरोध म्हणून १९६९ साली तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला, हेही आपल्याच वाङ्मयेतिहासात आहे. १९८२ साली मासिक बंद झाले. संपादकाच्या सूचनेमागे छापण्याचा वा न छापण्याचा अधिकार उभा असतो, म्हणून ती कधी वरदान ठरते आणि कधी जाच. खेळाडूकडे असा कोणताच अधिकार नसतो. त्याच्याकडे केवळ स्वतःला आलेला अनुभव असतो, आणि तो त्याने जितका नेमका सांगितला तितकेच त्याच्या शब्दाला वजन येते.

पावसाळ्याच्या तोंडी एका रविवारी आम्ही त्या माळ्यावर चार खेळाडू जमवले: माझे अर्थशास्त्राचे एक सहकारी, कर्जतचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, आणि आमच्या महाविद्यालयातल्या तृतीय वर्ष मराठीच्या दोन विद्यार्थिनी. एकावेळी एकाने खेळायचे. निर्माता मागे खुर्चीवर बसणार आणि काहीही बोलणार नाही, असा नियम त्यानेच घातला होता. तो पाळणे त्याला किती कठीण गेले ते मी पाहत होते. खेळाडू अडला की त्याचे ओठ हलत, हात गुडघ्यावर घट्ट बसत. पण कोणी खेळ विकत घेऊन आपल्या घरी खेळेल तेव्हा निर्माता मागे बसलेला नसणार. म्हणून त्याने गप्पच राहायचे.

पहिल्या रात्री पहिल्याच गाडीला तिघे एकाच जागी अडले. सांध्याचा लीव्हर ओढायचा होता. समोर तांबडे आणि काळे लीव्हर होते. तिघांनी तांबडा ओढला. रेल्वेच्या निवृत्त काकांनी मात्र क्षणाचाही विचार न करता काळ्याला हात घातला, कारण केबिनमध्ये सिग्नलचे लीव्हर तांबडे आणि सांध्याचे काळे रंगवतात हे त्यांच्या हाताला माहीत होते. निर्मात्याने रंग अचूक वापरले होते. इतरांना मात्र तांबडे म्हणजे ‘महत्त्वाचे’ किंवा ‘संकटात ओढायचे’ असे वाटले. येथे दोष खेळाडूचा नाही आणि रंगांचाही नाही. परंतु तीन अनोळखी माणसे एकाच ठिकाणी एकाच पद्धतीने अडतात तेव्हा ती माहिती कोणत्याही मतापेक्षा मोलाची असते.

खेळून झाल्यावर माझ्या सहकाऱ्यांनी उपाय सुचवला: बरोबर लीव्हरवर बाण दाखवा. दुसरा उपायही त्यांनीच दिला: दोन गाड्यांच्या मध्ये फार वेळ जातो, तेव्हा मधूनच केबिनवर बिबट्या आणा. काकांनी उपाय काही दिला नाही. त्यांनी अकरा चुकांची यादी वाचून दाखवली. त्यात नववी अशी होती की, लीव्हर उघड्या हाताने कोणी ओढीत नाही, हातात फडके असते, नाहीतर घामाने लोखंड गंजते.

तीन आठवड्यांनी नवी आवृत्ती आली. बाण नव्हता. आधीच्या पाळीचा माणूस घरी जाताना आपले फडके काळ्या लीव्हरवर टाकून गेला होता, आणि ते मेणबत्तीच्या उजेडात किंचित हलत होते. मी पुन्हा दोन नवख्या माणसांना बसवले. दोघांचाही हात थेट फडक्याकडे गेला. ही कल्पना आमच्यापैकी कोणीही सुचवली नव्हती. तिघांचे अडणे आणि काकांचे फडके या दोन वेगवेगळ्या साक्षी त्याने एकमेकांशेजारी ठेवल्या आणि तिसरीच गोष्ट निर्माण केली. बाणाचा सल्ला त्याने मानला असता तर अडचण सुटली असती, पण केबिनमध्ये आपल्या आधी कोणीतरी होते ही जाणीव खेळाला मिळाली नसती.

माझ्या स्वतःच्या नोंदी मी असल्याच पद्धतीने लिहीत गेले. एक नोंद वानगीदाखल देते: ‘दुसरी रात्र. घंटेनंतर गाडी दिसेपर्यंत सुमारे चार मिनिटे. या वेळात मी दोनदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पहिल्या रात्री जवळजवळ इतकाच वेळ वाट पाहावी लागली, तेव्हा एकदाही पाहिले नाही.’ वाट पाहणे लांबले आहे, ते कमी करा, असे मी लिहिले नाही. त्याने दोन्ही रात्री शेजारी ठेवून तपासल्या. पहिल्या रात्री पावसाचा आवाज पत्र्यावर, पानांवर, मोरीच्या पाण्यात असा बदलत होता. दुसऱ्या रात्री वेळ वाचवण्यासाठी त्याने चाळीस सेकंदांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला होता. कानाला ते कळले होते, मनाला कळले नव्हते. वाट पाहण्याची चार मिनिटे तशीच राहिली आणि पाऊस बदलला. माझ्या सहकाऱ्यांना कंटाळा आला होता ही तक्रार तंतोतंत खरी होती; बिबट्या हा तिच्यावरचा इलाज नव्हता, इतकेच.

साहित्याच्या माणसाने मौन पाळू नये अशी एक जागा मात्र खेळात होती, आणि ती म्हणजे भाषा. रात्री कंदील घेऊन येणारा गँगमन हा घाटातल्या ठाकर समाजातला माणूस म्हणून दाखवला आहे. कर्जत-खालापूरच्या डोंगरात ठाकर आणि कातकरी समाजांच्या वाड्या सर्वत्र आहेत. या मार्गाशी त्यांचे नाते दाखवावेसे वाटणे योग्यच. परंतु तो तोंड उघडी तेव्हा ‘लई’, ‘बगा’, ‘सायेब’ असे ठरीव ग्रामीण मराठी बोले. हे मराठी आपल्याला चित्रपटांनी आणि वगनाट्यांनी दिलेले आहे, आणि त्याचे मूळ घाटावर, कोल्हापूर-साताऱ्याकडे आहे. मी लिहिले: ‘गँगमन बोलू लागला की मला घाट दिसेनासा होतो आणि स्टुडिओ दिसू लागतो.’ चौकजवळ नितीन देसाई यांनी २००५ साली उभारलेला स्टुडिओ आमच्या परिसरात असल्याने ही उपमा निर्मात्याला समजावून सांगावी लागली नाही. मग त्या माणसाने कसे बोलावे? हे मला सांगता येत नव्हते, कारण ती बोली माझी नाही. ती ज्यांची आहे त्यांच्यापैकी कोणी ते संवाद मोठ्याने वाचलेले ऐकावेत, एवढेच मी सुचवले.

भाषेचा हा प्रश्न एकट्या छोट्या निर्मात्याचा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. २०१७ साली किकस्टार्टरवर त्यांनी लोकांकडून पैसे उभारण्याचा प्रयत्न केला होता. तो उद्दिष्टापर्यंत पोचला नाही, तरीही काम चालू राहिले. हरवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून येणारे निवेदन, छायाबाहुल्यांच्या रूपात सांगितलेल्या कथा, राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रशैलीची छाया या सर्वांचे जगभर कौतुक झाले. द गेम अवॉर्ड्समध्ये त्या वर्षीच्या पदार्पणातील उत्कृष्ट खेळाच्या यादीत तो होता. परीक्षणांमध्ये तक्रारीही होत्या: लढाई पुरेशी सफाईदार नाही, शेवट अचानक येतो, आणि अशा कथेतली पात्रे इंग्रजीत बोलतात तेव्हा कानाला खटकते. २०२२ साली खेळाची सुधारित आवृत्ती आली, तीत हिंदी आवाज होते. कोणत्या परीक्षणामुळे कोणता बदल झाला हे बाहेरून सांगता येणार नाही, आणि तसे सांगण्याचा मोहही धरू नये. एवढे मात्र दिसते की, या माध्यमात प्रसिद्ध झालेली कृती पुन्हा उघडता येते. कादंबरीकाराला दुसऱ्या आवृत्तीत फार तर मुद्रणदोष दुरुस्त करता येतात. येथे पात्रांची भाषा बदलता येते.

परंतु पुन्हा उघडण्याला पैसा आणि माणसे लागतात. माळ्यावर एकटा बसलेला माणूस ते किती वेळा करू शकेल? शिवाय प्रसिद्धीनंतर मिळणारा प्रतिसाद वेगळ्याच नाण्यात मिळतो. स्टीम या मोठ्या विक्रीमंचावर अंगठा वर किंवा खाली, अशी दोनच मते देता येतात; त्यांची टक्केवारी होते आणि ती खेळाच्या नावापुढे झळकते. सोबत चार ओळी लिहिता येतात, पण विकत घेणारा आधी टक्केवारीच पाहतो. तेथे खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झाले असल्यास खेळ परत करता येतो. मोठ्या खेळांच्या गिऱ्हाइकाला हा नियम न्याय्यच आहे. ज्याचा संपूर्ण खेळ दीड तासाचा आहे त्याच्या बाबतीत मात्र खेळ शेवटपर्यंत खेळून, आवडूनही, परत करता येतो. ‘समर ऑफ ५८’ या छोट्या खेळाच्या निर्मात्याने २०२१ साली याच कारणाने खेळ बनवणे अनिश्चित काळासाठी सोडत असल्याचे जाहीर केले होते. प्रसिद्धीपूर्वीची एक नेमकी नोंद प्रसिद्धीनंतरच्या शंभर अंगठ्यांपेक्षा उपयोगी ठरते, ती यामुळे.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते.

खेळातल्या चौथ्या रात्री दरड कोसळते. केबिनच्या खालच्या उतारावर एक वाडी आहे. डोंगर हलतो, आणि खेळाडूने घंटा, शिटी, कंदील यांच्या साहाय्याने लोकांना सावध करायचे असते. किती माणसे वेळेत बाहेर पडली यावर गुण मिळतात. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा वाढत जातो. घाटातल्या रेल्वेच्या इतिहासात दरडी आहेतच, तेव्हा ही रात्र खेळात असणे अस्वाभाविक नव्हते. खेळाच्या अंगाने पाहता ती सर्वांत चांगली वठलेलीही होती. माझे सहकारी ती खेळताना खुर्चीच्या टोकावर आले होते.

विद्यार्थिनींपैकी दुसरी चौकच्या बाजूच्या एका ठाकरवाडीतली आहे. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर आला. वर जायला गाडीरस्ता नव्हता. मदत करणारी माणसे पावसात आणि चिखलात चढून गेली. २३ जुलैला शोध थांबवण्यात आला, तोवर २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. तिच्या वाडीतली माणसे त्या पहाटे वर गेली होती. हे मला त्या रविवारी माहीत नव्हते, निर्मात्यालाही नव्हते. ती चौथ्या रात्रीपर्यंत उत्तम खेळली. डोंगर हलला तेव्हा तिने हात मांडीवर घेतले आणि काहीच दाबले नाही. वाडीतले दिवे एकेक करून गेले. आकडा शून्यावर राहिला. ती मागे वळून निर्मात्याला म्हणाली, “दादा, इथं गुण कशाचे मिळतात?”

बोलायचे नाही हा नियम मोडायची वेळ आली होती, पण तो बोलला नाही. त्याला बोलता आले नाही. खाली घरात वडिलांचा दूरदर्शन संच चालू होता, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

त्या रात्री मी माझ्या नोंदी लिहायला बसले तेव्हा साक्ष आणि निवाडा यांच्यातली रेषा मला पूर्वीइतकी सरळ दिसेना. मुलीने काय केले आणि काय म्हटले ते मी शब्दशः लिहिले, मिनिटासह. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे तिच्या आड लपणे झाले असते. म्हणून खाली वेगळी ओळ सोडून लिहिले: ‘ही नोंद नाही, माझे मत आहे. या तालुक्यात बसून या रात्रीचे गुण मोजू नयेत असे मला वाटते.’ मत द्यायचेच असेल तर त्यावर ‘मत’ अशी चिठ्ठी लावून द्यावे, म्हणजे ते नोंदींत मिसळत नाही आणि घेणाऱ्याला ते बाजूला ठेवण्याची मोकळीक राहते.

त्याने ते बाजूला ठेवले नाही. चौथ्या रात्रीचे गुण त्याने काढले. मग त्याच्या लक्षात आले की, एका रात्री आकडा नाहीसा झाला तर उरलेल्या चार रात्री त्या आकड्याचा अर्थ काय, हा प्रश्न उरतोच. शेवटी त्याने पाचही रात्रींतून गुण काढून टाकले. परंतु गुणांवर कोणती रात्र कधी उघडते, गँगमन कोणाशी काय बोलतो, शेवट कोणता येतो, हे सारे बांधलेले होते. सगळी वीण उसवावी लागली. त्यात तीन महिने गेले, म्हणजे त्याच्याजवळच्या सात-आठ महिन्यांतले तीन. माझी एक ओळ त्याला एवढ्याला पडली. अभिप्राय फुकट असतो तो देणाऱ्याला; घेणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, हे शिक्षकांनी आणि परीक्षकांनी ध्यानात ठेवावे असे मला वाटते. ओळ मागे घ्यावी असे मात्र मला आजही वाटत नाही.

रात्र ठेवावी की नाही, हेही त्याने मला विचारले. याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्याने तिला विचारले. तिने दोन दिवस घेतले आणि सांगितले की रात्र राहू दे, लोकांना कळले पाहिजे. पण केबिनमधून वाडी दिसते ती दिसू नये, त्या रात्री कोणाला काही दिसले नव्हते, आवाज तेवढा आला होता. हा चक्क उपाय होता, आणि खेळाडूने उपाय सांगू नये असे मी इतका वेळ म्हणत आले आहे. पण तिचा उपाय आणि बिबट्या यांना एका पारड्यात घालता येणार नाही. एक खेळ अधिक रंजक व्हावा म्हणून सुचलेला होता. दुसरा, ज्यांनी तो आवाज ऐकला त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टीवर उभा होता. कोणाचा उपाय घ्यावा याचा नियम मला सांगता येत नाही. उपाय सांगणाऱ्याने त्याची किंमत कोठे मोजली आहे, हे निर्मात्याने पाहावे, इतकेच म्हणता येईल.

या अनुभवानंतर मी माझ्या तासाला एक छोटा बदल केला आहे. विद्यार्थी एकमेकांच्या कथा वाचतात तेव्हा ‘मूल्यमापन करा’ असे मी म्हणत नाही. कोणत्या ओळीवर थांबलात, कोणती ओळ दोनदा वाचलीत आणि कोठे पान उलटून किती उरले ते पाहिलेत, एवढे समासात लिहायला सांगते. पहिले काही आठवडे ‘छान’ येत राहिले. आता नोंदी येऊ लागल्या आहेत, आणि त्या वाचून कथा पुन्हा लिहिणारेही दोघेतिघे निघाले आहेत. कथा चांगली की वाईट, ही चर्चा आम्ही नंतर करतो. ती टाळावी असे माझे म्हणणे नाही.

खेळ अजून प्रसिद्ध झालेला नाही. त्याला अद्याप नावही नाही. निर्मात्याने मध्यंतरी पुण्याच्या एका संस्थेचे घरून करण्याजोगे काम घेतले आहे, त्यामुळे मुदत थोडी लांबली आहे. गँगमनचे संवाद त्या विद्यार्थिनीच्या मामांनी वाचून ध्वनिमुद्रित करून दिले. त्यातले कितीतरी शब्द मी प्रथमच ऐकले आणि एकाही शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही. नवी आवृत्ती गेल्या आठवड्यात माझ्याकडे आली. तीन रात्री खेळून झाल्या आहेत, वहीची सहा पाने भरली आहेत. चौथी रात्र उरली आहे. ती आता काळोखातच आहे असे तो म्हणतो. त्या काळोखात मी काय केले ते त्याला लिहून पाठवायचे आहे.